वॉटरप्रूफ झालं, आता आतल्या पावसाचं बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत बायकांच्या रनिंग जॅकेटवर अर्धं पान आलंय ते वाचलं. आधी बरं वाटलं, कारण धावणाऱ्या बायकांसाठी पेपरात काही आलंच तर ते एकतर वजन कमी करायचं असतं नाहीतर बुटांचं. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की अर्ध्या पानात रंग आलेत, कंबरेत बसतं म्हणून स्लिम दिसतं हे आलंय, वॉटरप्रूफ आहे त्यामुळे नो टेन्शन हे तर दोनदा आलंय, आणि जॅकेट किती ग्रॅमचं आहे, त्यातून घाम बाहेर पडतो का, हात हलवले की ते पोटावरून वर चढतं का, याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, जागा नसेल तर खुशाल कापा, फक्त घामाचा भाग कापू नका कारण सगळं त्यावरच अडलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की घडीत ऊन घडीत पाऊस मधेच वारा अशा हवेत धावायला जे हलकं जॅकेट घ्यायचं ते पावसाचा हिशोब करून नाही, घामाचा हिशोब करून घ्यायचं. पावसात उभं राहणाऱ्या माणसाचं जॅकेट वेगळं आणि धावणाऱ्या बाईचं वेगळं. बस स्टॉपवर उभं असताना आपलं शरीर जेवढी उष्णता तयार करतं त्याच्या ८-१० पट धावताना करतं, कारण खाल्लेल्यातली साधारण पाव शक्तीच पाय पुढे टाकायच्या कामी येते आणि बाकीची सगळी उष्णता म्हणून बाहेर पडायला बघते. ती बाहेर काढायला शरीराकडे मुख्य उपाय एकच, घाम, तासाला अर्धा लिटर ते एक लिटर सहज जातो, काहींचा त्याहून जास्त. आता एवढं पाणी अंगावरून निघतंय आणि तुम्ही त्यावर प्लास्टिकसारखं काहीतरी घातलंय तर ते जाणार कुठे? बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला चालूच. घरी येऊन बाही उलटी करून बघा, आतल्या बाजूला कोपराच्या खाली बारीक थेंब ओळीने बसलेले असतात आणि कापड हाताच्या कातडीला चिकटून सोलल्यासारखं निघतं, मग बाई म्हणते जॅकेट गळकं निघालं. गळकं नसतं हो ते. पाणी तिचंच असतं.

दुकानदार लगेच म्हणेल की मॅडम हे ब्रीदेबल आहे, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारं. मान्य, आता त्याच्या आकड्याचं बघू. लेबलवर दोन आकडे असतात, १०,००० / १०,००० असं काहीतरी. पहिला पाण्याचा. म्हणजे कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती मिलिमीटर उंचीपर्यंत पाणी आरपार येत नाही, १०,००० म्हणजे १० मीटर उंच स्तंभ. दुसरा वाफेचा, एक चौरस मीटर कापडातून २४ तासात किती ग्रॅम वाफ बाहेर जाते तो. आता साधा हिशोब करा, जॅकेटचं कापड ढोबळमानाने एक चौरस मीटर धरलं तर १०,००० ला २४ ने भागून तासाला जेमतेम ४१७ ग्रॅम वाफ जाणार, तीही लॅबमधे, जिथे आतली हवा दमट आणि बाहेरची कोरडी अशी मुद्दाम ठेवलेली असते. आणि आपण धावतो पावसात, जेव्हा बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. वाफ जास्त दमट बाजूकडून कमी दमट बाजूकडे जाते, बाहेरच दमट आणि गरम असेल तर ती बिचारी जाणार कुठे, तिथेच थांबते आणि पाणी होते. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला त्या ब्रीदेबल मेम्ब्रेनची, म्हणजे कापडाला आतून लावलेल्या पातळ पडद्याची, सगळ्यात जास्त गरज असते नेमकं त्याच दिवशी ते सगळ्यात कमी काम करतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

काही लेबलांवर वाफेचा आकडा ग्रॅममधे नसतो, आरईटी म्हणून असतो, म्हणजे कापड वाफेला किती अडवतं ते, आणि तो उलटा वाचायचा, जितका कमी तितकं बरं. ६ च्या खाली असेल तर धावायला उत्तम, १२-१३ पर्यंत चालवून घ्यायचं, २० च्या वर असेल तर ते जॅकेट घालून चालायला जा, धावायला नको. दोन कंपन्यांचे ग्रॅमचे आकडे एकमेकांशी ताडून बघायच्या भानगडीत तर पडूच नका, कारण ते मोजायच्या पद्धतीच वेगवेगळ्या आहेत आणि जो तो आपल्याला सोयीची पद्धत धरून मोठा आकडा छापतो.

मेम्ब्रेन वाईट असं मी म्हणत नाहीये. बॉब गोर यांनी १९६९ मधे टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणलं की त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार होतात हे शोधून काढलं, त्यातून पाण्याचा थेंब आत जात नाही पण वाफ बाहेर जाते, गोअर-टेक्स कापडाचा जन्म त्यातूनच. डोंगरावर जाणाऱ्यांची केवढी सोय झाली. पण डोंगर हळूहळू चढणं आणि जोरात धावणं यात फरक आहे, आणि आपल्यातल्या बहुतेक जणी रोज डोंगरावर जात नाहीत, रस्त्यावर नाहीतर मैदानावर तास-सव्वातास धावून घरी येतात, त्यांना कशाला हवंय वादळात टिकणारं जॅकेट.

त्यांना हवं असतं वाऱ्याचं जॅकेट, विंडशेल म्हणतात ते. वजन ५० ते १२० ग्रॅम, म्हणजे अंगावर आहे हेच विसरायला होतं, मेम्ब्रेन नाही, शिवणीवर टेप नाही, नुसतं घट्ट विणलेलं पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि वरून पाणी ओघळून जावं म्हणून दिलेला एक थर. भुरभुर पाऊस दहा-पंधरा मिनिटं झेलतं, धो धो पावसात भिजतं, आणि भिजलं की धावता धावता अंगाच्या उष्णतेने वाळतंही. तुम्ही म्हणाल भिजतं तर मग उपयोग काय. उपयोग वाऱ्याला आहे. धावताना नुसतं भिजल्याने फारसं बिघडत नाही, भिजलेल्या अंगावर वारा आला की बिघडतं, कारण पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता खेचून नेतं आणि वारा अंगालगतची गरम झालेली हवा क्षणाक्षणाला उडवून लावतो. तो वारा अडवला तर ओल्या टी-शर्टातही माणूस बऱ्यापैकी ऊबदार राहतो. वारा अडवायला पाव किलोचं जॅकेट लागत नाही, साडीच्या पदराएवढं पातळ कापड पुरतं.

विंडशेल घेताना एक सोपी परीक्षा आहे, कुठलं मशीन नको. कापड एकेरी धरून ओठांना लावायचं आणि जोरात फुंकायचं. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा अजिबातच लागली नाही तर ते वाऱ्याला पूर्ण बंद आहे, धावताना आत उकडणार. फुंकर सहज आरपार गेली तर ते जॅकेट नाही, शर्ट आहे. जोर लावल्यावर थोडीशी हवा जाणवली की समजायचं धावायला हेच. थोडा वारा आत आलेला बरा असतो, तोच घाम घेऊन बाहेर जातो. दुकानातला मुलगा तुमच्याकडे बघत राहील, बघू दे.

आता लेबलावरच्या भाषेचं. वॉटर रेझिस्टंट, वॉटर रिपेलंट, वॉटरप्रूफ हे तीन शब्द तुमच्या लेखात एकाच अर्थाने फिरवलेत, तसं नाहीये ते. पहिल्या दोन्हीत पाणी थोडा वेळ अडतं किंवा ओघळून जातं, बस. वॉटरप्रूफ म्हणवून घ्यायला कापड तर पाहिजेच पण शिवणीही आतून टेपने बंद पाहिजेत, कारण सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला उघडं दार. त्यामुळे जॅकेट उलटं करून खांद्याची आणि काखेची शिवण बघायची, आतून चकचकीत पट्टी चिकटवलेली दिसली तर ठीक, नसली तर वर कितीही मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो. झिपचंही तेच, झिप साधी असेल तर तिच्यामागे कापडाची पट्टी आहे ना बघा, नाहीतर पाणी छातीवरूनच आत येतं.

आणि एक फसवाफसवी अशी की नवीन जॅकेटवर दुकानात पाण्याचे थेंब टाकून दाखवतात, थेंब मोत्यासारखे घरंगळतात, गिऱ्हाईक खुश. ती जादू मेम्ब्रेनची नसते, वर मारलेल्या थराची असते, आणि तो थर घासला जातो. सगळ्यात आधी जातो खांद्यावर, जिथे पाण्याच्या बॅगेचे पट्टे बसतात, आणि कंबरेवर जिथे हात घासतो. मग तिथे थेंब घरंगळत नाहीत, कापड गडद होतं, ओलं जड होऊन अंगाला बसतं. खाली मेम्ब्रेन अजूनही पाणी अडवतच असतं पण वर पाण्याचा पडदा बसल्यामुळे वाफ बाहेर जात नाही आणि गारही लागतं, म्हणून वाटतं की जॅकेट गेलं. गेलेलं नसतं, मळलेलं असतं. आपल्याकडे सगळे सांगतात की असली जॅकेटं धुवायची नसतात, खराब होतात. उलट आहे. घामाचं तेल आणि मीठ बसून राहिलं तर ती जास्त लवकर खराब होतात. सगळ्या झिप लावून, थोडंसं लिक्विड डिटर्जंट घालून धुवायचं, दोनदा खळबळून काढायचं म्हणजे साबण राहत नाही, आणि फॅब्रिक सॉफ्टनर चुकूनही नाही, तो त्या थराची वाट लावतो. वाळल्यावर लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमधे कमी उष्णतेवर फिरवायचं किंवा वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, उष्णतेने तो थर पुन्हा ताठ होतो आणि थेंब परत घरंगळायला लागतात.

हा थर वर्षानुवर्षं ज्या रसायनांचा करत आले ती पीएफएएस, निसर्गात लवकर मोडतच नाहीत म्हणून त्यांना फॉरएव्हर केमिकल्स म्हणतात. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कपड्यात ती मुद्दाम घालायला बंदी केली, मुसळधार पावसातल्या खास कपड्यांना तेवढी थोडी जास्त मुदत दिली, फ्रान्सने २०२६ पासून कपड्यांवर बंदी आणली. त्यामुळे आता बऱ्याच जॅकेटवर पीएफएएस-फ्री लिहिलेलं दिसतं आणि ते चांगलंच आहे, फक्त घेणारीला एक गोष्ट माहीत पाहिजे की हे नवीन थर पाणी अडवतात पण तेल अडवत नाहीत, त्यामुळे अंगाचं तेल, सनस्क्रीन लवकर मुरतं आणि जॅकेट आधीपेक्षा जास्त वेळा धुवावं लागतं. हे दुकानात कोणी सांगत नाही आणि मग लोक म्हणतात नवीन माल हलक्या प्रतीचा झाला.

मग खरं वॉटरप्रूफ घ्यायचंच नाही का? घ्यायचं की. तुम्ही किती वेळ बाहेर असणार आणि मधेच थांबावं लागलं तर आडोसा किती लांब, या दोन प्रश्नांवर ते ठरतं. घरापासून वीस मिनिटांच्या आत फिरणारीला विंडशेल बास. डोंगरात, ट्रेलवर तासन्‌तास जाणारीने शिवणी टेप केलेलं, हूडवालं, १५० ते २५० ग्रॅमचं जॅकेट बॅगेत ठेवलंच पाहिजे, ऊन पडलेलं असलं तरी. कारण तिथे धावणं थांबलं की उष्णता तयार होणं थांबतं, पाय मुरगळला, वाट चुकली, बसून राहावं लागलं की पाच मिनिटांत अंग कुडकुडायला लागतं. तेव्हा मात्र घामाचा हिशोब बाजूला आणि पावसाचा पुढे. आल्प्समधल्या यूटीएमबी या लांब पल्ल्याच्या डोंगरी रेसच्या सक्तीच्या सामानात हूडवालं वॉटरप्रूफ जॅकेट असतं, १०,००० मिलिमीटर आणि आरईटी १३ च्या खाली असं सुचवलेलं, ते उगाच नाही.

हे अतिरेकी वाटत असेल तर २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात काय झालं ते आठवा. १०० किलोमीटरची डोंगरी रेस, १७२ जण धावायला उतरलेले, बरेचसे शॉर्ट्स आणि टी-शर्टवर, दुपारी एकदम गारा, गोठवणारा पाऊस आणि जोराचा वारा. २१ जण गेले, थंडीने गारठून, त्यात नावाजलेले धावपटू होते. वाऱ्याचं जॅकेट त्या रेसच्या सक्तीच्या यादीत नव्हतं. शंभर ग्रॅमची वस्तू. तिने सगळे वाचले असते असं म्हणायला मी कोणी तज्ज्ञ नाही, पण हलकं जॅकेट म्हणजे फॅशनचा विषय असं समजून अर्धं पान लिहिणाऱ्यांनी ही बातमी एकदा काढून वाचावी, तुमच्याही पेपरात आली असेल तेव्हा.

आणि रस्त्यावरचं उदाहरण हवं तर बॉस्टन मॅरेथॉन २०१८. समोरून वारा, मुसळधार पाऊस, तापमान चार-पाच डिग्री, मोठमोठे खेळाडू अर्ध्यावर सोडून गेले. बायकांमधे जिंकली डेझिरी लिंडन, २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदात, १९८५ नंतर पहिल्यांदाच अमेरिकन बाई, आणि ती धावली जॅकेट घालून. एरवी एलिट धावपटू एकेक ग्रॅम वाचवतात, सुरुवातीलाच वरचे कपडे फेकून देतात. दुसरी आली सेरा सेलर्स, पूर्णवेळ हॉस्पिटलात काम करणारी नर्स, तिचं नाव तोवर कोणाला फारसं माहीतही नव्हतं. हवा अशी पलटली की कोण किती वेगवान यापेक्षा कोण गारठलं नाही यावर निकाल लागतो.

आता बायकांच्या मापाकडे येते, कारण तुमच्या लेखात बायकांचं म्हणून जे काही होतं ते फक्त रंगात होतं. बाजारातही तेच चालतं, पुरुषांचा पॅटर्न घ्यायचा, दोन साइज लहान करायचा, गुलाबी नाहीतर जांभळा रंग द्यायचा आणि लेडीज म्हणून टांगायचा. आपली ठेवण वेगळी असते, खांदे अरुंद, छातीला जागा जास्त लागते, कंबर आत आणि नितंब रुंद. पुरुषी कट लहान केला की तो खांद्यात सैल आणि नितंबावर घट्ट होतो. उभं राहिल्यावर आरशात छान दिसतं. पण धावायला लागलं की प्रत्येक पावलाला खालची कड नितंबावरून थोडी थोडी वर सरकते, पाचशे मीटरमधे सगळं जॅकेट कंबरेवर गोळा होतं, पोट आणि पाठ उघडी, आणि बाई दर मिनिटाला हात मागे नेऊन ते खाली ओढते. रस्त्यावर धावणाऱ्या बायका कधी नीट बघा, निम्म्या जणींचं हेच चाललेलं असतं. त्यावर उपाय म्हणून कंपन्या कंबरेला घट्ट इलॅस्टिक घालतात, ते अजूनच वर चढतं. खरा उपाय म्हणजे खाली थोडा घेर, मागची बाजू पुढच्यापेक्षा चार बोटं लांब, आणि हवी तेवढीच ओढता येईल अशी नाडी. नाडीची टोकं आत खोचलेली असावीत नाहीतर मांडीवर टकटक आपटत राहतात, आणि हा आवाज किती डोक्यात जातो ते ज्याचं त्यालाच माहीत.

छातीचं असं की आत स्पोर्ट्स ब्रा असते, तिच्या पट्ट्याखाली आणि पाठीच्या मधोमध घाम सगळ्यात जास्त साचतो, म्हणून जॅकेटच्या पाठीला फ्लॅपखाली जाळी किंवा काखेत छिद्रं असतील तर त्याचा फायदा मेम्ब्रेनच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि झिप पूर्ण उघडणारी पाहिजे, डोक्यातून घालायचं अर्ध्या झिपचं जॅकेट दहा-वीस ग्रॅम हलकं असतं खरं पण घामट अंगावरून ते काढणं म्हणजे कुस्ती आहे, केस विस्कटतात, घड्याळ अडकतं, आणि बदलत्या हवेत तर जॅकेट दहा वेळा घालायचं काढायचंच असतं. काही जॅकेटना छातीवर एक बटण किंवा छोटी पट्टी असते, झिप पूर्ण उघडून तेवढंच लावलं की जॅकेट मागे फडफडत नाही आणि पुढून वारा येत राहतो. दोन रुपयांचं बटण असेल, पण ज्याला सुचलं त्याला नमस्कार. झिपचं वरचं टोक हनुवटीला लागू नये म्हणून कापडाची घडी असते, ती नसेल तर तासाभरात गळ्यावर लाल रेघ उमटते.

हूड. हा तर स्वतंत्र विषय आहे. हूड पुरुषांच्या डोक्यावर बेतलेला असतो, वेणी किंवा पोनीटेल आत घातली की हूड मागून उचलला जातो आणि पुढून डोळ्यावर येतो, पोनीटेल बाहेर ठेवली तर मानेतून पाणी आत. काही जॅकेटना मागे केसांसाठी फट असते. हूड घालून मान डावीकडे उजवीकडे वळवून बघायची, हूड मानेबरोबर वळला तर ठीक, हूड जागेवर आणि आपण त्याच्या आत वळतोय असं झालं तर रस्ता ओलांडताना मागची गाडी दिसणार नाही. आणि जोराच्या वाऱ्यात हूड मागे उडतो की राहतो हे बघायला दुकानातला पंखासुद्धा चालतो. हूड डोक्यावर नसेल तेव्हा तो पाठीवर फटफट आपटू नये म्हणून गुंडाळून अडकवायची सोय बघा, नाहीतर सरळ बिनहूडचं घ्या आणि पुढे छज्जा असलेली टोपी घाला, रोजच्या धावण्याला ते जास्त सुटसुटीत पडतं असं माझं मत.

हूडवरून एक आठवलं. १९६६ मधे बॉबी गिब बॉस्टन मॅरेथॉन धावली तेव्हा बायकांना प्रवेशच नव्हता, अर्ज नाकारला होता, म्हणून ती भावाची बर्म्युडा आणि हूडवाला जाड स्वेटशर्ट घालून सुरुवातीजवळच्या झुडपात लपली आणि मधूनच घुसली. पुढे तिला आत भयंकर उकडायला लागलं पण काढला तर बाई आहे हे दिसेल आणि हाकलतील अशी भीती. शेजारी धावणाऱ्या पुरुषांनीच सांगितलं की आम्ही हाकलू देणार नाही, मग तिने तो काढला. बायकांना तिथे अधिकृतपणे धावायला मिळालं ते १९७२ मधे. पहिला स्पोर्ट्स ब्राही १९७७ मधे बायकांनीच घरी शिवून बघितला, पुरुषांचे दोन जॉकस्ट्रॅप, म्हणजे खेळताना आत घालायचे आधाराचे पट्टे, एकमेकांना जोडून. म्हणजे बायकांच्या धावायच्या कपड्यांचा इतिहास हा असा जुगाडाचा आहे, आणि आता कुठे कंपन्यांनी लक्ष द्यायला सुरुवात केलीय तर आपण रंगावरच समाधान मानायचं?

खिशाचं तर बोलायलाच नको. पुरुषांच्या त्याच मॉडेलला दोन झिपवाले खिसे आणि बायकांच्याला एक नाजूक खिसा ज्यात किल्लीसुद्धा तिरकी बसते, हे काय गौडबंगाल आहे. फोन आपण नेतोच, सेफ्टीसाठी न्यावाच लागतो. तो खालच्या बाजूच्या खिशात ठेवला की पोटावर झोके घेतो आणि त्या वजनाने पातळ जॅकेट एका बाजूला ओढलं जातं. म्हणून फोनचा खिसा छातीवर नाहीतर पाठीवर कंबरेलगत पाहिजे, आणि त्याला आतून प्लास्टिकचं अस्तर पाहिजे म्हणजे फोन घामाने भिजत नाही. जॅकेट स्वतःच्याच खिशात कोंबून मुठीत मावेल एवढं होतं का तेही बघा, आणि कोंबल्यावर त्याला कंबरेला अडकवायला लूप आहे का. जे कोंबून नेता येत नाही ते बाई घरीच ठेवून जाते, आणि घरी ठेवलेलं जॅकेट कितीही भारी असो, काय उपयोग.

ट्रायल रूममधे नुसतं समोर उभं राहून बघू नका. आत तेच कपडे घालून जा जे धावताना घालता, जाड कुर्त्यावर घालून माप कळत नाही. हात धावताना हलतात तसे हलवायचे, जागेवर गुडघे वर घेत अर्धा मिनिट धावायचं, दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि मनगट किती उघडं पडतं ते बघायचं. पाण्याची बॅग वापरत असाल तर ती घेऊन जा, काही जणी बॅगेवरून जॅकेट घालतात आणि काही खालून, दोन्हीला माप वेगळं लागतं. बाही उघड्या दंडावर घालून बघा, आतून गुळगुळीत पातळ फिल्म असेल तर ती लगेच चिकटते, त्यात लांब बाह्यांचा पातळ सिंथेटिक टी-शर्ट तरी लागतो. सुती टी-शर्ट मात्र नको, सूत पाणी धरून बसतं आणि वर कितीही चांगलं जॅकेट घातलं तरी आतून गारच लागतं.

रंगाबद्दल मी काही बोलणार नव्हते पण तुम्ही काळ्या रंगाला सदाबहार म्हटलंय. पहाटे साडेपाचला काळं जॅकेट घातलेली बाई गाडीवाल्याला दिसत नाही. फ्लोरोसंट रंग दिवसा आणि झुंजुमुंजू असताना उठून दिसतो, अंधारात त्याचा उपयोग नाही, अंधारात लागते ती रिफ्लेक्टिव्ह पट्टी जी हेडलाइट पडल्यावर चमकते, आणि ती पाठीवर एक लोगो एवढीच असून भागत नाही, बाह्यांवर मनगटाजवळ असेल तर हलताना दिसते आणि माणूस धावतंय हे लांबून कळतं.

ज्या कोणाला नक्की कळत नसेल की जॅकेट घालून निघावं की नको, त्यांच्यासाठी धावणाऱ्यांमधे एक ठोकताळा आहे, बाहेर आहे त्यापेक्षा १० डिग्री जास्त गरम आहे असं धरून कपडे घालायचे. दारातून बाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं थोडं गार लागलं तर बरोबर घातलंय. दारातच ऊबदार वाटत असेल तर पुढच्या वळणावर जॅकेट कंबरेला बांधलेलं असणार.

तुम्हाला विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा जॅकेट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून त्याचं खरं वजन लिहा, कुठल्या साइजचं आहे तेही लिहा कारण कंपनी सहसा एका ठराविक साइजचं वजन छापते. शिवणी टेप केल्यात का, वाफेचा आकडा काय आणि कुठल्या पद्धतीने मोजलाय, फोन कुठे बसतो, हे लिहा. आणि ते जॅकेट मॉडेलच्या अंगावर नाही तर धावणाऱ्या दोन-तीन वेगवेगळ्या बांध्याच्या बायकांना घालून भर पावसात पाऊण तास धावायला लावा, आणि परत आल्यावर फोटो जॅकेटच्या बाहेरून नको, आतून काढा. आमच्या ग्रुपमधल्या ताई-माई यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय, फक्त पाऊस नक्की कधी ते तुम्ही कळवा.

आपली,
धावणारी एक वाचक